मळका हात

नाणं पुलावरून पडलं ते थेट साक्षीच्या मांडीवरच्या पिशवीत. गोदावरीत पडायचं सोडून ते होडीत पडलं, यात टाकणाऱ्याचा नेम चुकला म्हणावा की लागला, हे ठरायला पुढे बरेच महिने जावे लागले.

नोव्हेंबरातली रविवारची सकाळ होती. नांदेडच्या पुलावरून जाणारा माणूस गंगेला नाणं टाकून हात जोडतो, यात नवल काही नाही. साक्षी स्वतः लहानपणापासून एस.टी.च्या खिडकीतून टाकत आली होती. पण आज तिच्या मांडीवर कित्येक दिवस आम्लात भिजवून, पुन्हा पुन्हा धुऊन बंद केलेल्या बाटल्या होत्या, आणि पिशवीचं तोंड नुकतंच उघडलं होतं. तिने मान वर केली. कठड्यावरून एक पांढरा शर्ट वाकून बघत होता.

"ओ पांढरा शर्ट," ती ओरडली, "खाली या."

तो आला. घाटाच्या पायऱ्या उतरताना एकदा घसरलासुद्धा. होडीवाला मलप्पा कानामागची बिडी चाचपत हसत होता. साक्षीने पिशवी पुढे धरली आणि काय काय वाया गेलं ते शांतपणे सांगितलं. पठ्ठ्याने ऐकून घेतलं, मग नाणं उचलून उलटसुलट केलं.

"पाचाचं हाय. म्हणजे तांबं, जस्त, थोडं निकेल," तो म्हणाला. "तुमच्या पाण्यात आता तिन्ही दिसतील."

साक्षी रागावायची थांबली. नांदेडच्या पुलावरून जाणारे हजार लोक नाणं टाकतात, पण नाण्यात काय असतं हे सांगणारा तिला पहिलाच भेटला होता.

त्याचं नाव सत्यम. मूळचा कंधारचा, नांदेडात एका क्लासमध्ये डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायचा. आणि साक्षी अशाच एका क्लासमधून उरलेली. जळकोटजवळच्या गावाहून ती लातूरला 'मेडिकल'साठी आली, दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात राहिली. मग रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि किनाऱ्यावरच्या एका समुद्रविज्ञान संस्थेच्या प्रकल्पात नांदेडला सहायक म्हणून लागली. काम सरळ होतं. गोदावरी वाहत वाहत बंगालच्या उपसागरात किती लोह, किती तांबं, किती जस्त नेऊन टाकते, ते मोजायचं. तेवढ्यावर समुद्रातल्या बारीक शेवाळाचं पोट चालतं, शेवाळावर मासळीचं, मासळीवर माणसांचं. मात्र हे सगळं पाण्यात इतकं थोडं असतं, की बोटातल्या अंगठीचा स्पर्श झाला तरी हिशेब बिघडतो.

तिच्या वडिलांना, व्यंकटरावांना, हे काही पटत नव्हतं. डॉक्टर झाली असती तर गावात दवाखाना टाकता आला असता, समुद्र कुठं टाकायचा, असं ते सोयाबीनच्या राशीवर बसून चारचौघांत विचारायचे. चारचौघं हसायची. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते कोणी विसरलं नव्हतं, आणि तिथली पोरगी समुद्राच्या गोष्टी करते म्हटल्यावर कोणाचाही हसण्याचा हक्क होताच. साक्षी मात्र नेमक्या त्याच उन्हाळ्यात, घागर घेऊन रांगेत उभं असताना, जगात एवढं पाणी असून आपल्याकडे का नाही या प्रश्नात जी अडकली ती अडकलीच.

"या कामाला दोन माणसं लागतात," तिने सत्यमला सांगितलं. "एक स्वच्छ हात, एक मळका हात. मळका हात बाहेरची पिशवी उघडतो, दोरी धरतो, होडीला टेकतो. स्वच्छ हात फक्त आतल्या पिशवीला अन् बाटलीला लागतो. दोघांचे हात एकमेकांना लागता कामा न्हाईत. लागले की मोजे बदलायचे अन् पहिल्यापासून सुरू."

"म्हणजे सोवळं-ओवळं."

"तसंच समजा. फक्त यात देव न्हाई, लोह हाय."

तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर एक आडवी घडी पडायची. साक्षीने ती पाहिली आणि पाहिली नाही असं दाखवलं.

तिचा मळका हात असलेली मैत्रीण बँकेत लागून परभणीला गेली होती, आणि मलप्पाला कितीही समजावलं तरी बिडी विझवून त्याच हाताने तो दोरी धरायचा. तेव्हा झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून सत्यमने एक रविवार यायचं कबूल केलं. एकाचे दोन झाले, मग दर पंधरवड्याला यायचंच हे कोणी न ठरवता ठरून गेलं. घड्याळ, अंगठी, कमरेचा पट्टा, खिशातली चिल्लर असं सगळं तो घाटावरच्या चहावाल्याकडे ठेवून यायचा. चहावाला म्हणायचा, सर तुरुंगात निघाले का देवळात, ते एकदा सांगून टाका.

होडीत बोलायचंही जपून, कारण बाटलीचं झाकण उघडलं की श्वाससुद्धा बाजूला टाकायचा. त्यामुळे त्यांच्यात डोळ्यांनीच खाणाखुणा चालायच्या. तिने भुवई उचलली की तो बाहेरची पिशवी उघडायचा, पापणी मिटली की दोरी सोडायची. तिचे हात आणि त्याचे हात यांच्यात वीतभर अंतर असायचं, आणि ते वीतभर अंतर दोघंही इतकं मन लावून राखायचे, की मलप्पाला त्यात भलतंच दिसू लागलं. जवळ येऊ नका म्हटलेली माणसंच लई जवळ दिसून राहिलीत, असं तो एकदा पाण्याकडे बघत पुटपुटला. साक्षीचे कान तापले.

काम संपलं की चहा. चहाच्या वेळी मात्र दोघांची तोंडं सुटायची.

"मॅडम, समुद्र पाहिलाय का कधी?"

"न्हाई. तुम्ही?"

"सहलीला गेलो होतो एकदा, गणपतीपुळ्याला. चप्पल वाहून गेली. तेवढाच संबंध."

"मग तुमच्या चपलेचा काही अंश माझ्या अभ्यासात येईल."

"येऊ द्या की. कुठं तरी माझं नाव निघंल."

डिसेंबरात 'मॅडम'चं 'साक्षी' झालं आणि जानेवारीत 'तुम्ही'चं 'तू'. ते नेमकं कोणत्या दिवशी झालं, हे दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं. सांगता आलं असतं ते एवढंच, की मधला एक रविवार रिकामा जातो हे साक्षीला आता अन्यायाचं वाटू लागलं होतं.

जानेवारीतच किनाऱ्यावरून आनंदराज सरांचा फोन आला. हे तिच्या प्रकल्पाचे प्रमुख. बंगालच्या उपसागरात एक संशोधन-जहाज जाणार होतं, महिना-सव्वा महिना. नव्याने या क्षेत्रात आलेल्यांसाठी त्यावर एक जागा राखून ठेवली होती. समुद्राचं पाणी खोलातून कसं काढायचं, कसं जपायचं, हे जहाजावर शिकायला मिळायचं, आणि काम चांगलं झालं की पुढे संस्थेत पीएच.डी.ची वाट मोकळी. अर्ज देशभरातून येणार. साक्षीकडे मोठ्या शहराचं नाव नव्हतं, कोणाची ओळख नव्हती. होती ती फक्त गोदावरीच्या पाण्याची स्वतः गोळा केलेली मालिका. ती स्वच्छ निघाली तर निवडीत उभं राहता येईल, सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मार्चमधला नमुना शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा, कारण तेव्हा नदी आटत आलेली असते.

चहा पिताना तिने सत्यमला ही बातमी दिली. चांगलं झालं, तो म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला, चांगलंच झालं. आणि चहाचा पेला तोंडाला लावून बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

मार्चच्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी जळकोटला तिच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. लग्नघरात कासार बसला आणि आईने तिचेही हात पुढे केले. नवरीच्या बहिणीचे हात रिकामे ठेवतात का? कोपराकडे निम्म्यापर्यंत हिरवा चुडा चढला, आणि लग्न लागल्याबरोबर तो उतरवणं म्हणजे आईचा जीव तुटणार. साक्षी पहिल्या गाडीने नांदेडला आली ती तशीच, किणकिणत. स्वच्छ हाताचे कोपरापर्यंतचे मोजे चुड्यावर चढेनात. ओढले तर फाटले.

"आज तू स्वच्छ हात," ती म्हणाली. "मी मळका."

सत्यमने तिच्या हातांकडे पाहिलं आणि नजर काढून घ्यायला त्याला अंमळ वेळच लागला. "चांगल्या दिसून राहिल्या," तो म्हणाला.

"बाटलीकडं बघ."

"बघतोच… बाटलीकडंच बघतो."

होडी मधल्या धारेला लागली. साक्षी पाठमोरी वाकून बाहेरच्या पिशवीची गाठ सोडत होती, चुडा आवाज करत होता. मागे पाण्यात डुबुक् असं वाजलं. मासा उडाला, मलप्पा म्हणाला. धार चांगली हाय, लवकर उरका, असंही म्हणाला. पहिली बाटली भरली, मग दुसरी, मग तिसरी. सत्यम त्या दिवशी परतीच्या वाटेवर फार बोलला नाही. लग्नाच्या घरून आलेल्या माणसाला झोप आलेली असते, म्हणून साक्षीनेही बोलायला लावलं नाही.

दहाबारा दिवसांनी आकडे आले. दुसरी आणि तिसरी बाटली ठीक होती. पहिल्या बाटलीत तांबं, जस्त आणि निकेल नको तितकं चढलं होतं. सर फोनवर रागावले नाहीत, पण मुलाखत आठवड्यावर आली आहे आणि कारण सापडलं नाही तर संपूर्ण मालिकेबद्दल शंका घेतली जाईल, एवढं त्यांनी स्पष्ट केलं. साक्षीच्या तोंडचं पाणी पळालं. सगळा दोष तिने आधी आपल्या चुड्याला दिला, मग आम्लाला, मग लग्नाहून तिला घाईत घेऊन आलेल्या एस.टी.ला. खोलीवर बसून ती पोटभर रडली. मग तोंड धुऊन पुन्हा आकड्यांपुढे बसली.

लोह नेहमीसारखं होतं. शिसं नेहमीसारखं. वाढलेली फक्त तिघं, आणि तीसुद्धा ठरावीक बेताने: तांबं सगळ्यांत जास्त, जस्त त्याच्या खालोखाल, निकेल जरासं. पुलाखालच्या पायऱ्यांवर नाणं उलटसुलट करणारा पांढरा शर्ट तिला आठवला. आणि मग, मासा उडाला होता तो आवाज.

तिने फोन लावला. "त्या दिवशी तुझ्या खिशात पाचाचं नाणं होतं का?"

"घाटावर ये, सांगतो," तो म्हणाला, आणि तिला उत्तर मिळालंच.

ते घाटावर भेटले तेव्हा अवकाळी पावसाची एक सर आली. चहावाल्याच्या पत्र्यावर थेंब ताडताड वाजत होते, आणि दोघांना एकाच बाकावर सरकून बसावं लागलं. साक्षीने वीतभर अंतर राखलंच.

"मोजे घातल्यावर आठवलं," सत्यम खाली बघत म्हणाला. "तुझ्यासाठी टाकावं म्हणून एक नाणं मुद्दाम ठेवलं होतं. तसाच हात खिशात घातला. दुसरे मोजे चढवणार होतो, मलप्पा म्हणाला उरका… राहून गेलं. पोरांना रोज शिकवतो मी, साक्षी. मलाच कळलं न्हाई."

"माझी निवड व्हावी म्हणून नाणं टाकलं, अन् त्यानंच माझी निवड बुडवली," ती म्हणाली. तिला रागही येत होता आणि हसूही.

"तसं न्हाई."

"मग कसं?"

 तो पावसाकडे बघत म्हणाला, "मागायचं तेच होतं. हिची निवड होऊ दे, हेच मनात घोकून राहिलो होतो. नाणं हातातून सुटायच्या टायमाला मनातून भलतंच निघालं… हिला इथंच राहू दे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू मला लई आवडतेस. ते सांगायला पाहिजे होतं तुला, सांगितलं गंगेला. तिथं चुकलो."

 हेच शब्द ऐकायची साक्षी कित्येक रविवार वाट पाहत होती, आणि ते आले ते असे, तिच्या वाटेत आडवे पडून. तिला आनंद झाला होता, आणि तो आनंद होतोय याचाच तिला संताप येत होता.

"लातूरला रांगेत उभी होते तेव्हापासून मी या एका गोष्टीच्या मागं हाव," ती म्हणाली. "अन् तू माझ्यासाठी मागितलं काय, तर राहा. माझ्या बापानं मागितलं ते, गावानं मागितलं ते. तूही तेच मागावं?"

  पुढच्या रविवारी येऊ नकोस, असं सांगून ती भर सरीत निघून गेली. त्याच संध्याकाळी तिने सरांना खरं ते कळवलं: पहिली बाटली बाद धरावी, कारण नाणं; दुसरीपर्यंत मोजा नदीतच धुतला गेला होता.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी तिच्या भागातली लाईट गेली. वारा सुटला होता, कुठेतरी तार तुटली म्हणे, संध्याकाळपर्यंत येणार नाही. मोबाईलचं नेटही आचके देत होतं. मुलाखत संगणकावर, थोड्याच वेळात. साक्षीने तीन मैत्रिणींना विचारलं, सगळीकडे अंधार. एका ठिकाणी मात्र इन्व्हर्टर होता, चांगलं नेट होतं, दार लावता येईल अशी खोलीही होती. ती ओठ चावत दोन मिनिटं उभी राहिली आणि मग तिने सत्यमला फोन लावला.

"ये," तो एवढंच म्हणाला.

ती पोचली तेव्हा त्याने आपली बॅच दुसऱ्या सरांच्या वर्गात नेऊन बसवली होती. फळा पुसलेला, खुर्ची खिडकीपाशी, शेजारी पाण्याची बाटली. तिला आत सोडून त्याने बाहेरून दार ओढून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती. जिन्यात गलका करणाऱ्या पोरांना तो ओठांवर बोट ठेवून अडवत होता. ज्या माणसाने तिला राहा म्हणून मागितलं होतं, तोच आता ती जावी म्हणून दारात पहारा देत होता. तो संताप साक्षीला शोधूनही सापडेना.

समितीने अर्थातच पहिल्या बाटलीवर बोट ठेवलं. साक्षीने आडवळण न घेता सगळं सांगितलं: गोदावरीला नाणं टाकायची रीत, चुडा, मोजे, आणि आकड्यांवरून नाणं कसं ओळखलं ते. एक बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, यात चूक नेमकी कोणाची?

"दोघांची," साक्षी म्हणाली. "स्वच्छ हातानं जपायचं असतं, अन् मळक्या हातानं त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं. मी ठेवलं नाही."

एप्रिल संपता संपता निवड झाल्याचं कळलं. व्यंकटरावांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, जहाजावर काही झालं तर? मग स्वतःच म्हणाले, न्हाई, पोहता येतं हिला, मीच विहिरीत शिकवलं. दुसऱ्या दिवशी सोयाबीनचं बियाणं बघायला आलेल्या चारचौघांना त्यांनी ते आपणहून सांगितलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

विशाखापट्टणमची गाडी दुपारी होती. साक्षीने फोन करून सत्यमला स्टेशनवर बोलावलं होतं. तो आला, पांढऱ्या शर्टात. क्लासमधून तडक आला होता, बोटांना खडू लागलेला. सामान चढवून झालं. फलाटावर उभं राहून बोलण्यासारखं खूप होतं आणि दोघंही डब्यावरचे नंबर वाचत होते.

"माझ्याकडं सुट्टं न्हाई," शेवटी ती म्हणाली. "बासरला गंगेचा पूल लागतो."

त्याने खिशात हात घातला. पाचाचं नाणं काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवताना थबकला. "माझा हात मळका हाय… खडूचा."

"राहू दे," ती म्हणाली, आणि नाण्यासकट तिने तो हात धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मोजे नव्हते, वीतभर अंतर नव्हतं. गाडीने शिट्टी दिली तरी तिने सोडला नाही, आणि गाडी हलल्यावर सोडावाच लागला.

बासरच्या अलीकडे डब्यातल्या बायका पर्स चाचपायला लागल्या. पुलावर चाकांचा आवाज बदलला, खिडक्यांतून नाणी सुटली. साक्षीनेही टाकलं. मग तिने फोन लावला.

"टाकलंस?" त्याने विचारलं.

"हाव."

"काय मागितलंस?"

"तू मागितलं होतंस तेच," ती म्हणाली. खाली गोदावरी तिच्या आधीच समुद्राकडे निघालेली होती. "फक्त परत आल्यावरचं."